धाब्याच्या घराचा फोटो

जुन्या वास्तूंचे फोटो पाहताना माणूस वास्तूइतकाच स्वतःलाही पाहत असतो, असे माझे मत होत चालले आहे. आमच्या मुक्ताईनगर तालुक्यातले, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादचे, चांगदेवाचे मंदिर घ्या. तापी-पूर्णेच्या संगमावरचे हे मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या कोरीव भिंतींचा, चिटपाखरूही नसलेला कृष्णधवल फोटो मला आवडतो. शेजारच्या माळकरी आजींना मात्र महाशिवरात्रीच्या यात्रेचा, गर्दीचा रंगीत फोटो हवा. "रिकामं देऊळ काय पाहायचं?" हा त्यांचा सवाल.

दोन्ही आवडींना आपापली परंपरा आहे. माझी पुस्तकांतून आली. मेजर रॉबर्ट गिल यांनी काढलेले लेण्यांचे ७४ फोटो घेऊन जेम्स फर्ग्युसन यांनी १८६४ साली पुस्तक काढले. हेन्री कझिन्स यांच्या १९३१ च्या ग्रंथात आपल्या धुळे जिल्ह्यातली बळसाण्याची देवळे आली. त्या काळच्या अशा फोटोंत माणूस दिसलाच, तर बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. गिल १८७९ साली वारले. त्यांची कबर इथून जवळ, भुसावळला आहे. आजींची आवड आली ती आषाढी वारीसाठी कोथळीहून पंढरपूरला जाणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर.

मग आवड ज्याची त्याची, असे म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. जे सुंदर वाटते त्याचा फोटो निघतो आणि ज्याचा फोटो निघतो ते जपावेसे वाटते. खानदेशातली धाब्याची घरे या हिशेबात बसत नाहीत. मातीचे छत, सागवानी तुळया, दारापुढे ओटा. कोरीव काम नाही, यात्रा नाही. पाहता पाहता त्यांच्या जागी स्लॅब आले.

मी बँकेत असताना कर्जप्रकरणाला जागेचा फोटो जोडलेला असे. गावचा फोटोग्राफर भर उन्हात उभा राहून तो काढी. ओट्यावरची म्हातारी, दोरीवरचे लुगडे, सारे त्यात येई. बँकेला त्यात फक्त तारण पाहायचे असे. एका खातेदाराने जुने घर पाडून नवे बांधले आणि काही वर्षांनी त्या फोटोची प्रत मागायला तो आला. आजोबांच्या घराचा तेवढा एकच फोटो होता.

गावोगावी उरलेल्या धाब्याच्या घरांचे फोटो, ती पडण्यापूर्वी, कोणीतरी काढून ठेवावेत. ते कोणाला आवडतील, कोणाला नाही. पुढच्या माणसाला आवडनिवड करायला काही शिल्लक असावे, एवढ्यासाठी तरी.