जुन्या ट्रॉलीची मुक्कामगाडी

पिकाची राखण आणि रात्रीचें पाणी या दोन कामांसाठीं शेतकऱ्यास रात्र शेतांत काढावी लागते, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ज्वारी हुरड्यास आली कीं दिवसां पांखरें आणि रात्रीं रानडुकरें. कांदा काढून शेतांत पडला कीं चोराचें भय. आणि शेतीपंपास वीज जेथें रात्रीं मिळते तेथें दारें धरण्यास उठणें चुकत नाहीं. परंतु अशा रात्रीं मनुष्य निजतो कोठें, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. बैलास गोठा, कांद्यास चाळ आणि राखणदारास मात्र बांधावरचें गोणपाट, अशी आपली रीत आहे.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली व अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालों. सर्पदंशानें दगावलेल्यांचीं प्रकरणें आमच्या मेजावरून जात. त्यांत “शेतांत जमिनीवर निजला असतां” हे शब्द आमच्या हातून कितीदां लिहिले गेले असतील, त्याची गणती नाहीं. मण्यार रात्रीं फिरते. जमिनीवर निजलेल्या माणसास ती अंथरुणांत येऊन चावते, आणि तिचा दंश इतका हलका असतो कीं पुष्कळदां झोपही मोडत नाहीं. पुढें पापण्या जड होतात, घास गिळवत नाहीं आणि श्वास बंद पडत जातो. हें सर्व कागदोपत्रीं ठाऊक असतां आमच्याच शेतांत आमचा सालगडी त्याच प्रकारें निजत होता, हें निवृत्त होऊन घरीं येईपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नाहीं. हें लिहितांना लाज वाटते.

आमची जमीन दोन ठिकाणीं आहे; एका तुकड्यांत पक्की खोली बांधली तर दुसरा उघडा राहतो. तेव्हां खोलीच चाकांवर घालावी, असें आम्हीं ठरविलें. परदेशांत हौशी लोक जुन्या मालगाड्यांवर अशा निजण्याच्या खोल्या करून मोटारीमागें जोडतात व रानावनांत मुक्काम करितात. आपणांस हौस नव्हे, गरज आहे. तथापि विद्या तीच. आमच्या गोठ्यामागें दहा फूट लांब व सहा फूट रुंद अशी दोन चाकी जुनी ट्रॉली पडून होती. तिचा तळ जमिनीपासून तीन फूट उंच आहे. मण्यारीपासून अंतर राखण्यास ही उंची आयतीच मिळाली.

ज्या बंधूंस असें काम करावयाचें असेल त्यांनीं प्रथम ट्रॉलीचा दांडा, आंस आणि चाकांचीं बेअरिंगें पाहावीं. तळाचा पत्रा गंजला असल्यास तो बदलतां येतो. परंतु दांड्यास अथवा आंसास चीर गेली असल्यास ती ट्रॉली भंगारांत द्यावी. तिच्यावर घर बांधूं नये.

येथवर आमचें ठीक होतें. पुढें मात्र आम्ही चुकलों. मजबुतीच्या नादांत आम्हीं भिंतींस व छतास तीन मिलिमीटर जाड पत्रा लावविला आणि पाण्याचें दोनशें लिटरचें पीप दाराशेजारीं, म्हणजे अगदीं मागच्या टोकास, बसविलें. सालगडी शेजारीं उभा होता. तो म्हणाला, “भाऊसाहेब, गाडी उलाळ व्हतीय.” आम्हीं उत्तर दिलें कीं ही बैलगाडी नव्हे. पीप भरलें, दोघे जण सामान घेऊन मागून वर चढले आणि त्याच वेळीं आमच्या पुतण्यानें ट्रॅक्टरची पिन काढली. दांडा एकदम वर उसळला व त्याच्या हनुवटीस चाटून गेला. वीतभर पुढें उभा असता तर काय झालें असतें, तें लिहावयास नको.

त्या रात्रीं आम्ही हिशोबास बसलों. भिंती व छत मिळून सुमारें २५० चौरस फूट, म्हणजे २३ चौरस मीटर पत्रा लागतो. तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरास साडेतेवीस किलो भरतो. एकूण वजन ५४० किलो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा लावल्यास तेंच वजन ९० किलो होतें. साडेचारशें किलो लोखंड आम्हीं उगाच माणसाच्या डोक्यावर चढविलें होतें. आणि वजन जितकें उंच तितकी गाडी बांधावर अथवा ओढ्यांत कलंडण्याचें भय अधिक. भरलेलें पीप एकटेंच दोनशें किलोंचें. तें आंसाच्या मागें टोकास ठेविलें म्हणजे दांडा वर उचलला जाणारच. बैलगाडी भरतांना थोडा भार जुवावर राहील असें माप आपले वाडवडील धरीत आले. सालगड्यानें तेंच सांगितलें होतें.

दुसऱ्या खेपेस त्यासच पुढें घालून काम केलें. एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा करून त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा जस्ती पत्रा लावला. भिंती साडेपांच फूट व छताचा मध्य साडेसहा फूट ठेविला. पीप आंसाच्या किंचित् पुढें, तळाशीं आणलें. अवजारांची पेटी दांड्याकडील बाजूस घेतली. मग साखर कारखान्याकडील वाटेवरच्या वजनकाट्यावर भरली गाडी तोलली, ती १४०० किलो भरली; आणि सपाट जागीं, चाकांस दगड लावून, कांदे तोलण्याचा काटा दांड्याखालीं ठेविला, तो १५० किलो दाखवूं लागला. एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा किंचित् अधिक भार दांड्यावर असावा, हें माप ध्यानांत ठेवावें. तरीही मुक्कामीं चारी कोपऱ्यांस टेकू दिल्यावांचून आंत पाऊल ठेवूं नये, आणि टेकू निघाल्याखेरीज ट्रॅक्टर हलवूं नये.

आंतील मांडणी साधी आहे. दोन्ही भिंतींलगत सव्वादोन फुटी बाकें व मध्यें दीड फुटाची वाट, अशी सहा फुटांची रुंदी पुरते. बाकें सहा फूट लांब व पोकळ असून त्यांत धान्य, कपडे व पांघरुणें राहतात. उरलेल्या चार फुटांत पीप, अवजारें व भांडीं. पत्र्याची खोली उन्हांत तापते. म्हणून छतास बाहेरून पांढरा रंग दिला आणि आंतून दोन बोटें जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधल्या. थर्माकोल आम्हीं टाळला, कारण तो झटकन पेट घेतो. समोरासमोर दोन झरोके, एक खालीं व एक आढ्याजवळ, बारीक जाळी लावून कायमचे उघडे ठेविले. तळाच्या फटी पत्र्यानें बुजविल्या. शिडी निजतांना आंत ओढून घेतां येते.

प्रकाशासाठीं बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची बॅटरी व पांच वॅटचा दिवा आहे. हा दिवा आठ तासांत ४० वॅट-तास वीज खातो. बॅटरींत सुमारें ८४ असते, म्हणजे निम्मी शिल्लक राहते. छतावरील वीस वॅटचें सौरपान ती तूट चांगल्या उन्हाच्या दिवसांत भरून काढतें. बॅटरीच्या तोंडाशीं फ्यूज अवश्य असावा.

शेगडीविषयीं एक कडक सूचना आहे. थंडींत कोळशाची शेगडी आंत घेऊन दार लावण्याचा मोह होतो. कोळशाच्या धगीबरोबर जो विषारी वायु निघतो त्यास वास नाहीं व रंग नाहीं. निजलेला मनुष्य निजलेलाच राहतो. झरोक्यांच्या भरंवशावरही शेगडी आंत नेऊं नये. चूल बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस, आणि थंडीस घोंगडी, हाच नियम ठेवावा.

कायद्याचेंही भान हवें. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं न जुळणारा फेरफार परवानगीवांचून करतां येत नाहीं; तरी परिवहन कार्यालयांत आधीं अर्ज करावा. चालत्या ट्रॉलींत कोणास बसवूं नये, मग अंतर अर्धा कोस कां असेना. मागें लाल, पुढें पांढऱ्या व बाजूंस पिवळ्या परावर्तक पट्ट्या लावाव्या. अंधारांत बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून येऊन आदळलेल्यांचे पंचनामेही आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

गाडी तयार झाल्यावर सालगड्यास व त्याच्या कुटुंबास ती दाखविली आणि कांहीं उणें आहे काय, असें विचारलें. तो गप्प राहिला. त्याची बायको, तान्हें मूल कडेवर घेऊन, दाराकडे पाहत म्हणाली, “भाऊसाहेब, कडी बाहेरूनच हाय.” आम्ही वरमलों. इतका हिशोब करूनही आमच्या मनांत ती सामानाचीच खोली राहिली होती. त्याच दिवशीं आंतून कडी बसविली. शिवाय आग लागल्यास दार अडेल म्हणून दांड्याकडील भिंतीस, मनुष्य बाहेर पडेल एवढी, बाहेर उघडणारी खिडकी काढविली.

हा लेख लिहितेवेळीं गाडी ओढ्याकडील तुकड्यांत कांद्याजवळ उभी आहे. आमच्या बंधूंपैकीं ज्यांचे गडी जमिनीवर निजत असतील, त्यांनीं आपापल्या गोठ्यामागें काय पडून आहे तें एकदां पाहावें. गाडी करणें न जमल्यास निदान पायांची खाट व मच्छरदाणी आजच शेतावर धाडावी, आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखालीं नीट खोंचण्यास सांगावें. त्यासाठीं ना वेल्डिंग लागतें, ना परवानगी.