धुराचा घाव आणि संत्र्याचे बळ

पांढुर्णा व सौंसर हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख होय. सन २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. आंबिया व मृग अशा दोन्ही बहारांत येथे संत्री पिकतात. या फळातील ‘क’ जीवनसत्त्व धुराच्या अपायापासून शरीराचे कितपत रक्षण करते, हे समजून घेणे येथील बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिताचे आहे.

सफरचंद कापून ठेवले की हवेतील ऑक्सिजनमुळे ते काळवंडते. त्यावर लिंबू पिळल्यास ते बराच वेळ तसेच राहते. शरीरातही अशीच क्रिया घडते. तंबाखूच्या धुरात ‘मुक्त मूलके’ नावाचे अस्थिर कण असंख्य असतात. ते पेशींचे आवरण, प्रथिने व आनुवंशिक द्रव्य यांवर आघात करतात. ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांसारखी द्रव्ये या कणांना इलेक्ट्रॉन देऊन शांत करतात. त्यांना प्रतिऑक्सिडीकारके असे म्हणतात.

परंतु हे रक्षण करताना ती स्वतः खर्ची पडतात. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ‘क’ जीवनसत्त्व कमी आढळते. अशा व्यक्तींनी ते इतरांपेक्षा दररोज ३५ मिलिग्रॅम अधिक घ्यावे, अशी शिफारस अमेरिकेत सन २००० मध्ये करण्यात आली. ही वाढीव गरज एक-दोन संत्र्यांनी भागू शकते. पेरू व आवळा यांत तर हे जीवनसत्त्व संत्र्याहूनही विपुल असते.

मग संत्री खाऊन बिडी ओढण्यास हरकत नाही काय? हरकत आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड, निकोटीन व कर्करोगकारक डांबर यांचा निचरा कोणतेही फळ करीत नाही. औषधी गोळ्यांचा मार्ग तर धोक्याचा ठरला आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. त्यात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे १९९४ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेतील अशाच दुसऱ्या प्रयोगातही हानी दिसून आल्याने तो १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.

तात्पर्य, फळे व भाजीपाला नित्य आहारात असावा; पण ती ढाल आहे, धूर ओढण्याचा परवाना नव्हे. बिडी-सिगारेट सोडल्यापासून वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. हा लाभ कोणत्याही गोळीत नाही. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांनी जवळच्या आरोग्य केंद्रात सल्ला घ्यावा, आणि शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी.