बर्फाची थेट वाफ होते तेव्हा

उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत घालणाऱ्यांना अन्न टिकवायचे म्हणजे त्यातले पाणी काढायचे, हे कुणी वेगळे शिकवायला नको. पाण्याशिवाय बुरशी आणि जिवाणू वाढत नाहीत, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. पण हाच प्रयोग महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर करून पाहा. उन्हात ती आक्रसते, काळपट आणि चिवट होते. मग रात्रभर पाण्यात भिजत घातली तरी ती पुन्हा स्ट्रॉबेरी काही होत नाही. उलट फ्रीझ ड्राइंग केलेली, म्हणजे गोठवून सुकवलेली स्ट्रॉबेरी पाकिटातून काढली, तर आकार तोच, रंग जवळजवळ तोच, वजन मात्र कापसासारखे. पाणी तर दोन्हींतले गेले आहे. मग फरक कशाचा?

फरक आहे तो पाणी कोणत्या वाटेने गेले याचा. उन्हात किंवा गरम हवेत पाणी द्रवरूपातच फळाच्या आतून बाहेर सरकते. जाताना विरघळलेली साखर बरोबर ओढून नेते आणि मागे रिकाम्या होणाऱ्या पेशी एकमेकींवर कोसळत जातात. हे टाळायचे, तर पाण्याला द्रवरूप घेऊच द्यायचे नाही. बर्फाची थेट वाफ करायची.

कपाटातली डांबराची गोळी न वितळताच झिजत जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला संप्लवन म्हणतात. बर्फालाही ते जमते. फ्रीजरमधले बर्फाचे तुकडे बरेच दिवस वापरले नाहीत तर लहान होतात, नीट न झाकलेल्या मटणावर पांढरट कोरडे डाग पडतात, ते याच कारणाने. घरी हे फार सावकाश आणि नको तिथे घडते. कारखान्यात ते मुद्दाम घडवून आणतात.

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. तो ४.६ मिलिमीटरच्या खाली नेला, की पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही. एक तर बर्फ, नाही तर वाफ. म्हणून पदार्थ आधी उणे ३० ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत गोठवतात, मग बंद पेटीत ठेवून आतली हवा काढून घेतात. आता गंमत अशी, की या थंडीत त्या पदार्थाला चक्क ऊब द्यावी लागते. १ किलो बर्फाची थेट वाफ करायला सुमारे २८०० किलोज्यूल उष्णता लागते. उकळत्या पाण्याची करायला २२६० पुरते. ही ऊब तबकांमधून बेताबेताने द्यायची. घाई केली तर बर्फ वितळतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. निघालेली वाफही थोडीथोडकी नसते. १ मिलिमीटर दाबाला एका ग्रॅम बर्फाची वाफ जवळजवळ ९०० लिटर जागा व्यापते. एवढी वाफ ओढणे पंपाला झेपत नाही, म्हणून अतिथंड नळ्या ठेवलेल्या असतात. वाफ त्यांच्यावर पुन्हा बर्फ होऊन बसते. ओलावा दोन-तीन टक्क्यांवर यायला एक दिवस, कधी त्याहून अधिक वेळ जातो. ही रीत इतकी महाग का, ते यावरून ध्यानात येईल. मिरचीसाठी ती वापरणे ही मला उधळपट्टी वाटते. कॉफीला आणि गिर्यारोहकांच्या जेवणाला ती शोभते.

पेरू आणि बोलिव्हियातल्या अँडीज पर्वतात शेकडो वर्षांपासून ‘चुन्यो’ नावाचा सुका बटाटा करतात. रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे. याला फ्रीझ ड्राइंगचा पूर्वज म्हणतात. मला ते अर्धेच पटते, कारण तुडवताना निघते ते पाणीच, वाफ नव्हे. पण तो बटाटा वर्षानुवर्षे टिकतो, हे खरे.

गोठवून सुकवलेल्या पदार्थात जिथे बर्फ होता तिथे सूक्ष्म पोकळ्या उरतात. त्यांत गरम पाणी काही मिनिटांत शिरते, म्हणून पुलाव चटकन तयार होतो. पण दमट हवा आणि प्राणवायूही त्याच पोकळ्यांतून शिरतात. पदार्थ सादळतो, त्यातली चरबी खवट होते. म्हणून तो नायट्रोजन भरलेल्या अॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद करतात.

श्रोतेहो, या पदार्थांत जंतू नसतातच, हा समज मात्र मनातून काढून टाकायला हवा. या रीतीत जंतू मारणारी उष्णता नसते. काही जंतू मरतात, बरेचसे निपचित पडून राहतात. प्रयोगशाळांत जिवाणू जपून ठेवायला हीच पद्धत वापरतात, दह्याचे विकतचे विरजणही असेच सुकवलेले मिळते. १९५० च्या दशकात ब्रिटनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कोलियर यांनी देवीची लस टिकवली तीही अशीच. उन्हातान्हात महिनोन् महिने तग धरणाऱ्या त्या लशीचा देवीच्या निर्मूलनात मोठा वाटा आहे. गोवराच्या लशीची पूड परिचारिका द्रावणात कालवते आणि ठरावीक तासांनंतर उरलेली टाकून देते, ते तुम्ही पाहिले असेल.

अन्नाचेही तसेच आहे. फळ सुकवण्याआधी नीट धुतले नसेल, तर त्यावरचे साल्मोनेलासारखे जंतू पाकिटातही तग धरून राहू शकतात. म्हणून बाळासाठी किंवा आजारी माणसासाठी असे पाकीट घेताना ते आधी शिजवलेले आहे की कच्चे, हे वेष्टनावर वाचून घ्यावे, आणि कोमट पाण्यावर न भागवता सांगितले असेल तर उकळतेच पाणी घालावे. पाणी घातलेला पुलाव मग सकाळी केलेल्या भातासारखाच समजावा. उरला तर लगेच फ्रीजमध्ये. पाकिटावरची मुदत त्याला लागू नाही.