गोड बोलणारा आणि गोड असणारा

“अहो, इतका लाघवी माणूस! त्याच्याबद्दल असं काही ऐकलं तर विश्वासच बसत नाही.” कॉलनीत एखादी फसवणूक उघडकीला आली, की हे वाक्य हमखास कानी पडतं. खरं पाहिलं तर विश्वास बसत नाही, म्हणूनच तो प्रकार घडू शकलेला असतो. लबाड दिसणाऱ्या माणसाच्या हाती भिशीचे पैसे कोण देईल? त्याला स्वयंपाकघरापर्यंत कोण येऊ देईल?

मनोविकारशास्त्राला ही गोष्ट जुनीच ठाऊक आहे. १९४१ साली हर्वे क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ नावाचं पुस्तक लिहिलं. मनाला बोचणी म्हणून ठाऊक नसलेल्या माणसांची जी लक्षणं त्याने दिली, त्यांत अगदी पहिलं होतं वरवरची मोहकता. पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी अशा माणसांच्या तपासणीसाठी वीस मुद्द्यांची यादी केली. तिचाही पहिला मुद्दा हाच. या माणसांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही असं समजू नका. चांगलं कळतं, पण टोचत नाही. त्यामुळेच त्याचा वापर करणं त्यांना जमतं.

आता ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व’ हा शिक्का मारणं तज्ज्ञ डॉक्टरांचं काम, तुमचंआमचं नव्हे. गोड बोलणारा प्रत्येकजण तसला ठरवला तर संक्रांतीला तिळगूळ द्यायला कुणी उरायचं नाही! पण रोगाचं नाव माहीत नसलं तरी वागण्याची पद्धत ओळखता येते, आणि ती शिकायला चार्ल्स शोभराजसारखं उदाहरण नाही.

शोभराजचं नाव आपल्याकडे गाजलं ते १९८६ मध्ये. मार्चमध्ये तो दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला, तोही वाढदिवसाच्या निमित्ताने म्हणून पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई वाटून. एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ या हॉटेलात त्याला पकडलं. ही हकीकत बहुतेकांना माहीत असते. पण आपल्या कामाची गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधीची, बँकॉकमधली.

१९७५ च्या सुमारास तो तिथे एका फ्लॅटमध्ये राहत होता. रत्नांचा व्यापारी म्हणून, खोट्या नावाने. परदेशातून फिरायला आलेली तरुण मुलं तो हेरायचा आणि घरी बोलवायचा. परक्या मुलखात कुणी आपुलकीने विचारपूस केली, चार घास खाऊ घातले, तर कुणाला बरं वाटणार नाही? मग त्यांतला एखादा आजारी पडायचा. शोभराज त्याला औषध द्यायचा, उशाशी बसायचा, सेवा करायचा. बिचारा रोगी उपकाराने दबून जायचा. प्रत्यक्षात त्याला आजारी पाडणारा शोभराजच असे, आणि ते ‘औषध’ त्याला अंथरुणावरून उठू देत नसे. दोन फ्रेंच तरुणांचे पासपोर्ट हरवले, तेव्हा त्यांच्या मदतीला तोच धावला. ते चोरले होते त्यानेच. गंमत अशी, की हे दोघे पूर्वी पोलिसात होते! तेव्हा “मी असते तर लगेच ओळखलं असतं” असं म्हणायची घाई आपण करू नये.

त्याचा डाव उलगडायला लागला तो अगदी साध्या गोष्टीतून. घरात राहणाऱ्या तरुणांना परक्या माणसांचे पासपोर्ट सापडले. त्यांना निसटायला मदत केली ती शेजारच्या एका फ्रेंच बाईने, आणि पुढे तिनेच डच वकिलातीतल्या हरमन क्निपेनबर्ग या अधिकाऱ्याला तपासात साथ दिली. शेजारणींच्या चौकसपणाला नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शोभराजला खुनाबद्दल जन्मठेप झाली ती मात्र नेपाळमध्ये, २००४ साली. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तो सुटला आणि फ्रान्सला गेला.

आधी अडचण निर्माण करायची आणि मग तीतून सोडवायला यायचं, ही युक्ती चार भिंतींतही चालते. विषाची गरज पडत नाही. “वहिनी, सांगू नये, पण तुमच्या जाऊबाई तुमच्याबद्दल काय बोलत होत्या ठाऊक आहे?” असं म्हणून एखादा तुमचं मन दुखवतो, आणि त्या दुखऱ्या मनावर फुंकर घालायलाही तोच बसतो. हळूहळू जाऊ तुटते, मैत्रीण दुरावते, माहेरी फोन कमी होतो. उरतो तो एकटा ‘समजून घेणारा’. एखाद्याशी ओळख झाल्यापासून आपली बाकीची माणसं कमी होत चालली असतील, तर हिशेब मांडून पाहावा: त्यांच्याविषयीचं वाईट आपल्या कानी कुणी घातलं?

घाई हेही लक्षण. खरा स्नेह सावकाश मुरतो, लोणच्यासारखा. इथे मात्र महिन्याभरात “तुम्ही मला सख्ख्या बहिणीसारख्या” होतं, राखी बांधून होते, आणि पाठोपाठ “आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले तरच” अशी योजना येते. करुण कहाणीही सोबत असते. तीच कहाणी महिन्याने पुन्हा विचारावी. तपशील बदलला आणि तुम्ही तो दाखवलात, की चूक तुमच्या लक्षात राहण्याची ठरते.

मोलकरणीशी, वॉचमनशी कसा वागतो ते पाहावं असं म्हणतात. पाहावं जरूर, पण पुरा भरवसा ठेवू नये. तुम्ही पाहत असताना हुशार माणूस त्यांच्याशीही गोडच वागतो. त्यापेक्षा एक छोटा नकार देऊन पाहावा. “आज नको, ह्यांच्याशी बोलून सांगते,” एवढंच. साधा माणूस “बरं” म्हणून चहा पिऊन जाईल. दुसऱ्या जातीचा आधी दुखावल्यासारखं करील, मग “त्यांना विचारायला तुम्ही काय लहान आहात?” म्हणून हसेल, आणि तेही चाललं नाही तर क्षणभर डोळ्यांत वेगळंच काही चमकून जाईल. तो क्षण विसरू नये. आपल्याला लहानपणापासून नकार म्हणजे उद्धटपणा असं शिकवलेलं असतं, म्हणून तो क्षण पाहूनही आपण “माझंच काहीतरी चुकलं” म्हणतो.

सगळ्यांत कठीण प्रसंग मात्र निराळा आहे. हा लाघवी माणूस बाहेरचा नसतो, घरातलाच असतो, पुष्कळदा नवराच. बाहेर जगमित्र, लग्नकार्यात पुढे, सासरमाहेरच्या सगळ्यांच्या तोंडी त्याची स्तुती. आणि दार लागलं की पैशापैशाचा जाब, टोचून बोलणं, खोटं पकडलं तर “तुझं डोकं ठिकाणावर नाही”. बायकोने कुठे तोंड उघडलं, तर ऐकणारा तिच्याकडेच संशयाने पाहतो. अशी एखादी तुमच्याकडे आली, तर “पण भाऊजी तर किती चांगले आहेत!” हे वाक्य तेवढं गिळून टाका. पुढे काय करायचं ते नंतर ठरेल.

आणि ती तुम्हीच असाल, तर त्याला पालटून दाखवण्याच्या भरीला पडू नका. बोलणं झालं त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा, आणि ती वही घराबाहेर विश्वासाच्या जागी असू द्या. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. दागिने, पासबुक, आधारकार्ड कुठे आहे ते आणखी एका माणसाला ठाऊक हवं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात नुसती मारहाणच येते असं नाही. अपमान करणं, घरखर्च अडवणं, स्त्रीधन काढून घेणं हेही येतं. १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन आहे. तिथे बोलताना नवऱ्याच्या स्वभावाला कुठलं नाव द्यायची गरज नाही. काय घडलं, केव्हा घडलं, तेवढं वहीतून वाचून दाखवलं तरी पुरतं.