निर्मळ कारखान्यांचा कचरा

कारखाना म्हटला की धुराचे लोट सोडणारे उंच धुराडे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. काजळीने माखलेल्या भिंती, यंत्रांचा खडखडाट आणि आवारात साचलेले राखेचे ढीग हे त्याचे परिचित रूप होय. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक निराळ्याच प्रकारचा कारखाना उदयास आला. त्याला धुराडे नव्हते. तेथील कामगार शुभ्र अंगरखे घालून काम करीत. आत येणारी हवासुद्धा गाळून घेतली जाई. संगणकाचे नाजूक भाग, म्हणजे चिपा, तेथे सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर घडविल्या जात, आणि धुळीच्या एका कणानेही चिप निकामी होऊ शके. इतक्या निर्मळ जागेतून काही घाण बाहेर पडत असेल, अशी शंका फारशी कोणाला आली नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सान्ता क्लारा नावाचे एक खोरे आहे. पूर्वी ते फळबागांसाठी प्रसिद्ध होते. वसंत ऋतूत तेथील जर्दाळू, आलुबुखार व चेरी यांची झाडे फुलांनी डवरून जात. पुढे हळूहळू या बागा तुटल्या आणि त्यांच्या जागी चिपांचे कारखाने उभे राहिले. १९७१ साली एका वृत्तपत्रलेखामुळे या प्रदेशाचे 'सिलिकॉन व्हॅली' हे नाव सर्वतोमुखी होऊ लागले.

चिप घडविताना तिच्यावर अनेक रसायनांचे थर चढवावे व उतरवावे लागतात. चकती कोरण्यासाठी तीव्र आम्ले लागतात. तिच्यावरील तेलकट अंश नुसत्या पाण्याने निघत नाहीत; त्यासाठी द्रावके, म्हणजे असे पदार्थ विरघळविणारी रसायने, वापरावी लागतात. वापरून झालेली द्रावके जमिनीखालच्या टाक्यांत साठविण्याची तेव्हा रीत होती. ज्वालाग्राही पदार्थ जमिनीखाली राहिला म्हणजे आगीचे भय कमी, असा त्यामागील विचार होता. तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु तो अपुरा होता. टाकी जमिनीवर असती, तर तिला गेलेला तडा कोणाच्या तरी दृष्टीस पडला असता. पुरलेल्या टाकीकडे मात्र कोण पाहणार?

१९८१ साली सान होसे या शहरात फेअरचाइल्ड कंपनीच्या कारखान्यातील अशी एक टाकी गळत असल्याचे उघडकीस आले. टाकीतील द्रावक मातीत मुरत मुरत भूजलात मिसळले होते आणि जवळच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत जाऊन पोहोचले होते. ती विहीर बंद करण्यात आली. आसपासच्या वस्तीत ही वार्ता पसरताच लोक भयभीत झाले. आपण व आपली मुले इतके दिवस काय प्यालो, हा आयाबापांचा प्रश्न होता. त्या वस्तीतील काही बालके जन्मतःच व्यंग घेऊन आली होती. सरकारी पाहणीत अशा घटनांचे प्रमाण अपेक्षेहून अधिक आढळले. तथापि त्या दूषित पाण्यामुळेच झाल्या, असे निश्चितपणे सिद्ध झाले नाही. पुढे तपास जसजसा वाढला, तसतशा इतर कारखान्यांच्याही गळक्या टाक्या सापडल्या. अतिदूषित जागांच्या शुद्धीकरणासाठी अमेरिकेने १९८० साली एक कायदा केला होता. त्याच्या यादीत या एका जिल्ह्यातील २३ जागा समाविष्ट झाल्या.

बिघडलेले भूजल शुद्ध करणे हे अत्यंत कष्टाचे काम आहे. सान होसे येथे दूषित माती खणून काढावी लागली. विष आणखी पसरू नये म्हणून कारखान्याच्या जागेभोवती जमिनीत खोलवर भिंत बांधावी लागली. पाणी उपसून त्यातील रसायन वेगळे करण्याचे काम अनेक वर्षे करावे लागले. सांडण्यास श्रम पडले नाहीत. निपटण्यास मात्र एक पिढी पुरली नाही. त्या खोऱ्यात काही ठिकाणी हे शुद्धीकरण आजही चालू आहे.

या प्रकरणातून जगाने काही धडे घेतले. १९८४ साली अमेरिकेने जमिनीखालच्या टाक्यांविषयी कायदा केला. टाकीला दुहेरी कवच असावे आणि गळती होताच सूचना मिळावी, अशी व्यवस्था रूढ होत गेली. सुव्यवस्थित कारखान्यात आता कचऱ्याची वर्गवारी त्याच्या उगमापाशीच केली जाते. कागद, काच व धातू पुन्हा वापरण्यासाठी जातात. आम्लांत अल्क मिसळून त्यांची तीव्रता नाहीशी करतात. द्रावके ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरता येतात. जो विषारी गाळ शेवटी उरतो, तो खाली अभेद्य थर घातलेल्या खड्ड्यांत बंदिस्त करतात. हे सर्व प्रकार एकत्र झाले, तर विषाचा थोडासा अंश चांगल्या वस्तूंचाही नाश करतो. म्हणून वर्गवारी ही या कामाची पहिली पायरी होय.

परंतु कारखान्याच्या दारापाशी ही गोष्ट संपत नाही. तेथून बाहेर पडलेला संगणक किंवा मोबाइल आज ना उद्या स्वतःच कचरा बनतो. २०२२ साली जगात असा सुमारे ६ कोटी २० लाख टन कचरा निर्माण झाला. त्यांपैकी पाव हिस्साही रीतसर गोळा झाला नाही. अनेक ठिकाणी गरीब माणसे तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतात आणि तो विषारी धूर त्यांच्या छातीत भरतो. हाच कचरा नीट हाताळला, तर काय होऊ शकते, हे जपानने दाखविले. टोकियो ऑलिंपिकसाठी तेथील जनतेकडून जुनी उपकरणे गोळा करण्यात आली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल होते. त्या संग्रहातून ३२ किलो सोने मिळाले, आणि चांदी व काशासह त्यापासून सुमारे ५,००० पदके घडविण्यात आली. भारतातही २०२२ च्या नियमांनी उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांवर त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली असून, ते नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

'दृष्टीआड सृष्टी' अशी आपल्याकडे म्हण आहे. कचऱ्याच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबून चालत नाही. डोळ्यांआड केलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती मातीत, पाण्यात किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात जाऊन राहते. मुलांनो, घरातला संपलेला सेल किंवा बंद पडलेला मोबाइल केराच्या टोपलीत टाकण्यापूर्वी सान होसेच्या त्या विहिरीची आठवण ठेवा. त्या वस्तू निराळ्या डब्यात साठवून योग्य संकलन केंद्रात पोहोचविणे, हे तुमच्याही हातून होण्याजोगे काम आहे.