फळबाग व भाजीपाला अनुदान

फळझाडांची लागवड, भाजीपाल्याचे उत्पादन आणि काढणीनंतर या मालाची साठवण व हाताळणी यांसाठी येणाऱ्या खर्चाचा ठरावीक भाग शासनाने शेतकऱ्यास परतफेडीची अट न घालता देणे, यास फळबाग व भाजीपाला अनुदान असे म्हणतात. कर्ज व्याजासह परत करावे लागते, पीक विम्यासाठी हप्ता भरावा लागतो आणि नुकसानभरपाई घडून गेलेल्या हानीबद्दल मिळते. अनुदान मात्र पुढे व्हावयाच्या उत्पादनासाठी दिलेले असते. एक हेक्टरपर्यंत जमीन धारण करणाऱ्यास सीमांत व एक ते दोन हेक्टर धारण करणाऱ्यास अल्पभूधारक शेतकरी मानतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या दोन वर्गांचा विचार केला आहे.

आवश्यकता : कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या क्षेत्रावर केवळ धान्यपिके घेऊन कुटुंबाचा निर्वाह होणे कठीण असते. फळे व भाजीपाला यांपासून दर हेक्टरी अधिक उत्पन्न मिळू शकते. परंतु त्यांत दोन अडचणी असतात. पहिली अडचण काळाची. आंब्याचे कलम लावल्यापासून किफायतशीर उत्पन्न हाती येण्यास चारपाच वर्षे लागतात आणि तोवर खड्डे, कलमे, पाणी, खते व राखण यांवरील खर्च चालूच राहतो. मोठा बागाईतदार ही वर्षे अन्य उत्पन्नावर काढू शकतो. लहान शेतकऱ्यास ते जमत नाही. दुसरी अडचण नाशवंतपणाची. पालेभाजी, टोमॅटो वा फुलकोबी दोनतीन महिन्यांत हाती येते, पण ती साठवून ठेवता येत नसल्याने मिळेल त्या भावास विकावी लागते. म्हणून फळबागेस प्रतीक्षेच्या काळासाठी, तर भाजीपाल्यास रोपे, पाणी, आच्छादन व हाताळणी यांच्या साधनांसाठी साहाय्याची गरज असते.

इतिहास : ब्रिटिश अमदानीत १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज अधिनियम व १८८४ चा शेतकरी कर्ज अधिनियम यांन्वये शेतकऱ्यांस तगाई मिळे. तगाई हे कर्जच असल्याने दुष्काळात तिची वसुली हाच प्रश्न होई. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने कर्जाचा दुसरा मार्ग खुला केला, तरी फळबागेचा दीर्घ प्रतीक्षाकाळ त्यातही नीट बसत नव्हता. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. १९८४ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाची, तर महाराष्ट्राने त्याच वर्षी कृषी पणन मंडळाची स्थापना केली.

खरा पालट १९९० मध्ये झाला. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डे खणले व झाडे लावली, तरी त्या श्रमांची मजुरी सार्वजनिक कामावरील मजुरीप्रमाणे मिळू लागली. लहान शेतकऱ्यांस, तसेच अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यांस साहित्याचा खर्चही पूर्णपणे देण्यात आला. योजनेपूर्वी राज्यात फळपिकांखालील क्षेत्र सु. अडीच लाख हेक्टर होते; पुढील सु. दीड दशकात दहा लाख हेक्टरांहून अधिक नवी लागवड नोंदली गेली. कोकणात आंबा व काजू, मराठवाड्यात मोसंबी, तर पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात डाळिंब, बोर व सीताफळ यांचा प्रसार होण्यात या योजनेचा मोठा वाटा आहे.

२००५-०६ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले व २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात समाविष्ट झाले. ज्यांना ग्रामीण रोजगार हमीच्या राष्ट्रीय कायद्याखाली फळबागेचा लाभ घेता येत नव्हता, अशा शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आखली.

प्रकार : अनुदानाचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. (१) लागवड अनुदान : हे फळझाडांसाठी असून ते सामान्यतः तीन वर्षांत ५०:३०:२० या प्रमाणात दिले जाते. उदा., मंजूर रक्कम ६०,००० रु. असल्यास पहिल्या वर्षी ३०,०००, दुसऱ्या वर्षी १८,००० व तिसऱ्या वर्षी १२,००० रु. मिळतील. पुढील हप्त्यांसाठी ८० ते ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. लावलेल्या झाडाऐवजी जगलेल्या झाडास पैसा देणे, हे या रचनेमागील तत्त्व होय. (२) साधन अनुदान : यात ठिबक व तुषार सिंचन, शेडनेट, हरितगृह, प्लॅस्टिक आच्छादन, रोपवाटिका इत्यादींचा अंतर्भाव होतो. सूक्ष्म सिंचनासाठी केंद्राच्या योजनेतून अल्प व सीमांत शेतकऱ्यांस खर्चमर्यादेच्या ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के साहाय्य ठरविण्यात आले. राज्याने पूरक रक्कम घालून ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत नेले. भाजीपाल्याच्या निरोगी रोपांसाठी २०२०-२१ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना राबविण्यात आली. (३) काढणीपश्चात अनुदान : २०१४ च्या मापदंडांनुसार ९ × ६ मी. आकाराच्या शेतावरील पॅकहाउसचा खर्च ४ लाख रु. व २५ टनांच्या कांदाचाळीचा १.७५ लाख रु. धरून त्यांच्या निम्मी रक्कम देय होती. (४) गट अनुदान : हे शेतकरी उत्पादक कंपन्या व गट यांना मिळते. २०२० मध्ये आरंभ झालेल्या बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन (स्मार्ट) प्रकल्पात जागतिक बँकेच्या साहाय्याने अशा संस्थांच्या प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली.

कार्यपद्धती : अर्जासोबत सातबारा व आठ-अ हे उतारे लागतात. जमीन सामाईक असल्यास इतर खातेदारांची संमती व सातबाऱ्यावर कुळाचे नाव असल्यास कुळाची संमती आवश्यक असते. पूर्वी अर्ज कृषी कार्यालयात स्वीकारीत. २०२० नंतर बहुतेक योजनांसाठी महाडीबीटी या संगणकीय प्रणालीवर एकच अर्ज करण्याची पद्धत आली. निवड आरंभी सोडतीने होई. २०२५ मध्ये प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य हे तत्त्व स्वीकारण्यात आले. त्याच वर्षापासून भूमि-अभिलेखांशी जोडलेला शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकरी काम स्वतःच्या पैशाने पुरे करतो, कृषी खात्याचा कर्मचारी स्थळपाहणी करतो आणि त्यानंतर रक्कम बँक खात्यात जमा होते.

या पद्धतीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, अनुदान ही प्रत्यक्षात खर्चाची प्रतिपूर्ती असते. आधी पैसा उभा करू शकणाऱ्यासच तिचा लाभ होतो; ज्याच्यापाशी तो नसतो त्यास सावकाराकडून वा साहित्य विक्रेत्याकडून उसनवारी करावी लागते आणि रक्कम मिळण्यास जितका विलंब होतो तितके अनुदान व्याजात जिरते. दोन, ‘शंभर टक्के’ हे शब्द मंजूर बाबींपुरतेच खरे असतात. फुंडकर योजनेत खड्डे खोदणे, कलमे लावणे, पीक संरक्षण व नांगे भरणे हा भार शासनाने उचलला. जमीन तयार करणे, माती व शेणखताने खड्डे भरणे, आंतरमशागत व कुंपण ही कामे शेतकऱ्याकडे राहिली.

भोसरी-चाकण पट्ट्यातील स्थिती : औद्योगिक नगराच्या कडेला असलेल्या लहान शेतीस या नियमांचा कसा अनुभव येतो, हे पुणे जिल्ह्यातील भोसरी व चाकण परिसरात स्पष्ट दिसते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड व भोसरी येथील शेतजमिनी उद्योगांसाठी संपादित होऊ लागल्या. भोसरी, आकुर्डी, चिंचवड व पिंपरी मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण व १९८२ मध्ये महानगरपालिका आली. मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली इ. गावे १९९७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाली. पुढे खेड तालुक्यात चाकणभोवती वाहन उद्योग वाढला व २०१५ मध्ये चाकणला नगरपरिषद आली. मूळचा शेतीव्यवहार मात्र पुरता लोपलेला नाही. चाकणचा महात्मा फुले बाजार कांदा व बटाट्याच्या उलाढालीसाठी प्रसिद्ध आहे. राजगुरुनगर येथे कांदा व लसूण यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९८ पासून कार्य करीत आहे आणि तळेगाव दाभाडे येथे फलोत्पादन व काढणीपश्चात तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण दिले जाते. अर्थात ज्ञान, बाजार व ग्राहक हे तिन्ही येथे हाकेच्या अंतरावर आहेत.

असे असूनही येथील लहान शेतकरी अनुदानाच्या चौकटीत सहज बसत नाही. संपादनातून व वाटण्यांतून उरलेले तुकडे अनेकदा काही गुंठ्यांचेच असतात. फुंडकर योजनेत कोकणाबाहेर किमान ०.२० हेक्टर, म्हणजे सु. वीस गुंठे, क्षेत्राची अट होती. त्याहून लहान तुकडा आपोआप वगळला जातो. जमिनीचे मोल चढल्यावर सातबाऱ्यावर बहिणी, चुलते व पुतणे अशी अनेक नावे राहतात व एखाद्या वारसाने संमती नाकारल्यास अर्ज अडतो. रोजगार हमीची कल्पना मूलतः ग्रामीण भागासाठी असल्याने महानगरपालिकेच्या हद्दीतील शेत तिच्या कक्षेबाहेर पडते. शिवाय विकास आराखड्यात अन्य वापरासाठी दर्शविलेल्या जमिनीवर पाच वर्षांनी फळ देणारे झाड लावण्यास कोणीही कचरतो.

याहून गंभीर प्रश्न कसणाऱ्याचा आहे. नोकरीत वा व्यवसायात शिरलेला जमीनमालक आपली उरलेली जमीन पुष्कळदा खंडाने वा वाट्याने दुसऱ्यास कसावयास देतो. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याने कुळास मालकीचा मार्ग खुला केला. त्या कायद्याच्या धास्तीने मालक असा करार लेखी करीत नाहीत. परिणामी जो पहाटे भाजी खुडून बाजारात नेतो त्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नसते. त्यास ठिबकसंचाचे अनुदान, पीककर्ज वा ओळख क्रमांक यांपैकी काहीही मिळू शकत नाही. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झालेला कायदा अशा रीतीने आजच्या कसणाऱ्यास अदृश्य करतो. निती आयोगाच्या तज्ञ समितीने २०१६ मध्ये तयार केलेल्या नमुना शेतजमीन भाडेपट्टा कायद्यात मालकाचा हक्क अबाधित ठेवून भाडेकरू शेतकऱ्यास कर्ज, विमा व आपत्तिसाहाय्य मिळावे, अशी योजना होती ती याच कारणासाठी.

अन्य देशांतील पद्धती : यूरोपीय संघात १९९६ च्या सुधारणेनंतर फळे व भाजीपाल्याचे साहाय्य प्रामुख्याने उत्पादक संघटनांमार्फत दिले जाते; सभासदांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीत संघ सामान्यतः निम्मी भर घालतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००४ च्या कायद्याने फळे, भाजीपाला इ. पिकांसाठी घटक राज्यांच्या कृषी विभागांना एकत्रित अनुदाने देण्याची व्यवस्था केली. या दोन्ही पद्धतींत साहाय्य एकेका शेतकऱ्याच्या जमिनीऐवजी संस्थेच्या वा विभागाच्या कार्यक्रमास दिले जाते.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील अनुदानाने कोरडवाहू जमिनीत झाड उभे राहू शकते, हे सिद्ध केले. मात्र ते जमिनीच्या अभिलेखामागून चालते. जेथे मालक व कसणारा एकच असतो, तेथे ही पद्धत चांगली चालते. नगरांच्या कडेला ते दोघे वेगळे झाले, की ती निष्फळ ठरू लागते. अशा भागांत दीर्घ मुदतीच्या फळबागेपेक्षा एका शेतातून दुसऱ्या शेतात नेता येतील अशी साधने अधिक उपयुक्त होत, उदा., ठिबकसंच, प्लॅस्टिक बोगदे, क्रेट, रोपांचे ट्रे. ती गटाच्या नावे दिल्यास सातबाऱ्याची अडचणही कमी होते. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्यानंतर शेतकरी आठवडे बाजारांमार्फत थेट विक्रीस वाव मिळाला असून औद्योगिक नगरांतील मोठी लोकवस्ती त्यास अनुकूल आहे. अनुदानाची मोजणी किती हेक्टर नोंदले गेले यावर न थांबता, किती झाडे जगली व कसणाऱ्याच्या हाती किती पडले यांवर व्हावी, हे या योजनांच्या वाटचालीवरून दिसून येते.