दारू वाढवली की बाण उंच जातो का?

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये चिखलोली म्हणून गाव आहे. आमच्या भागात ते धरणासाठी ओळखतात. आता तेथे इमारती आल्या, कारखाने आले, तरी मोकळी जमीन अजून थोडीफार सापडते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी शाळेची काही मुले घेऊन मी तिकडे गेलो होतो. त्यातल्या एकाच्या खिशात दिवाळीचे उरलेले चार बाण होते. तो मला म्हणाला, “सर, या चौघांची दारू काढून एकाच नळीत ठासली, तर बाण चौपट उंच जाईल ना?”

प्रश्न वेडगळ नाही. ज्याने त्रैराशिक शिकले आहे, त्याला तो पडायचाच. पण उत्तर दोन्ही बाजूंनी ‘नाही’ असे आहे. बाण चौपट उंच जाणार नाही, आणि बहुधा तो जाणारच नाही, हातात फुटेल.

फुटण्याचे आधी सांगतो, कारण बोटे परत येत नाहीत. बाणातली दारू जळते ती जेथे उघडी असते त्या पृष्ठभागावर. पृष्ठभाग जितका मोठा, तितका वायू जास्त. कारखान्यात दारू ठराविक आकारात आणि ठराविक दाबाने बसविलेली असते, त्यामुळे वायू किती निर्माण होणार आणि खालच्या छिद्रातून किती बाहेर पडणार, यांचा मेळ बसतो. तीच दारू घरी काढून ठासली की तिच्यात भेगा आणि पोकळ्या राहतात. जाळ भेगेत शिरला की जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, दाब वाढतो, दाब वाढला की दारू आणखी जलद जळते, आणि कागदाची नळी ते सोसत नाही. शिवाय ठासतानाच्या घर्षणानेही ती पेटू शकते. म्हणून शिक्षकबंधूंना हात जोडून विनंती, की विज्ञानाच्या नावाखाली हा उद्योग वर्गात किंवा वर्गाबाहेर होऊ देऊ नका. आपल्याकडे स्फोटक पदार्थ तयार करणे आणि बाळगणे यावर १८८४ च्या कायद्याचे नियंत्रण आहे, त्याला परवाना लागतो.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, मोठ्या ताकदीचे अग्निबाण हौसेने उडविणाऱ्यांचे संघ आहेत. बाणाचा संच विकत मिळतो आणि त्यात बसवावयाची मोटर, म्हणजे दारूची तयार नळी, वेगळी मिळते. मोटरींना इंग्रजी अक्षरांची नावे असतात. एक अक्षर पुढे गेले की एकूण रेट्याची मर्यादा दुप्पट होते. ‘एच’पासून पुढची मोटर हवी असेल तर संघाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. आता गंमत अशी, की तिथल्या नवशिक्यालाही आमच्या मुलासारखेच वाटते: पुढच्या अक्षराची मोटर बसवली की झाली उंची दुप्पट! आणि तसे होत नाही.

का होत नाही? हवा नसती तर हिशेब सोपा होता. सेकंदाला ५० मीटर वेगाने सरळ वर सुटलेली वस्तू सुमारे १२७ मीटर चढली असती आणि १०० मीटर वेगाने सुटलेली सुमारे ५१०. वेग दुप्पट, उंची चौपट. पण हवा आहे ना! वेग दुप्पट झाला की हवेचा विरोधही चौपट होतो. सायकल जोराने हाणताना समोरचा वारा छातीवर कसा बसतो ते तुम्ही अनुभवले असेल. म्हणजे मोटरीने दिलेला जादा वेग पुष्कळसा हवाच खाऊन टाकते. मोठी मोटर जाड असली तर नळी जाड करावी लागते, आणि नळीचा व्यास दुप्पट केला की हवेला भिडणारे क्षेत्र चौपट होते. तेव्हा उंचीची पहिली युक्ती ही, की बाण बारीक असावा, गुळगुळीत असावा, नाक निमुळते असावे आणि पंख्यांच्या कडा घासून गोल केलेल्या असाव्यात. पॉलिशकागदाचे काम आहे हे, दारूचे नव्हे.

दुसरी युक्ती वजनाची. बाण हलका करा असे कोणीही सांगेल, आणि ते बव्हंशी खरे आहे. पण एक मेख आहे बरं का. थर्मोकोलचा चेंडू आणि क्रिकेटचा चेंडू सारख्याच जोराने वर फेकून पाहा. थर्मोकोलचा लगेच थबकतो. बाणाचेही तसेच आहे. मोटर एकदोन सेकंदांत विझते आणि पुढची बरीचशी चढण बाण केवळ आपल्या वेगाच्या बळावर चढतो. त्या वेळी अगदीच हलक्या बाणाला हवा पटकन अडवते. म्हणून प्रत्येक बाणाला त्याचे एक योग्य वजन असते; त्याहून जड झाला तरी उंची घटते, हलका झाला तरी घटते.

हे सारे मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे तर केरळात थुंबा येथे जावे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून आपल्या देशातला पहिला संशोधन-अग्निबाण सुटला, त्याचे नाव नायकी-अपाची. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. खालचा नायकी हा मुळात विमानविरोधी अस्त्राला पहिला धक्का देण्यासाठी केलेला जाडजूड टप्पा. त्याच्यावर सडपातळ अपाची बसविलेला. नायकी काही सेकंदांत जळून संपतो आणि गळून पडतो, म्हणजे रिकाम्या नळीचे ओझे पुढे वाहावे लागत नाही. पण अपाची लगेच पेटत नाही! तो काही काळ नुसताच वर जात राहतो. दाट हवेत जोर लावला असता तर तो जोर हवेनेच गिळला असता. म्हणून विरळ हवा येईपर्यंत थांबावयाचे आणि मग पेटावयाचे. अपाचीच्या आधी त्याच जागी काजुन नावाचा टप्पा वापरीत. अपाची बाहेरून जवळजवळ तेवढाच, पण आतले इंधन जास्त वेळ जळणारे, आणि तेवढ्याने उंची पुष्कळ वाढली.

इंधनाची ही विद्या आपल्याकडे घडविण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, ते म्हणजे डॉ. वसंत गोवारीकर. इंग्लंडातील काम सोडून ते १९६७ मध्ये थुंब्याला आले आणि घन इंधनाच्या कामात पडले. पुढे १९७९ ते १९८५ या काळात तेथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. ते ज्या वर्षी आले त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात केवळ ७५ मिलिमीटर व्यासाचा आपला रोहिणी बाण उडाला. पुढचा २०० मिलिमीटरचा रोहिणी दोन टप्प्यांचा आहे आणि तो ७५ ते ८० किलोमीटर उंची गाठतो.

पुन्हा चिखलोलीला येऊ. आम्ही उडवीत होतो तो पाण्याचा बाण. सोड्याची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, तिच्यात एकतृतीयांश पाणी, तोंडाला बूच आणि त्यातून सायकलच्या पंपाने भरलेली हवा. दाब ६० पौंडांच्या वर नेऊ नये, बाटली दरवेळी तपासावी, चरा पडलेली टाकून द्यावी आणि सोडण्याची दोरी दहाबारा पावलांवरून ओढावी. आग नाही, दारू नाही, नियम मात्र सगळे तेच.

त्या दिवशी चूक माझीच झाली. वजन कमी करण्यासाठी मुलांनी पुठ्ठ्याचे पंखे कापून अर्धे केले आणि मी “करा” म्हटले. बाण पाचसहा मीटर चढला, डोलला, आडवा झाला आणि बांध ओलांडून पेंढ्याच्या गंजीत जाऊन घुसला. शेजारी म्हैस बांधलेली. तिची मालकीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “गुरुजी, पोरं शिकवा, पण माझी म्हस नका बिथरवू!” मी मुकाट्याने माफी मागितली.

दोष कुठे होता? बाणाचा तोल ज्या बिंदूवर साधतो तो बिंदू, हवा ज्या बिंदूवर रेटते त्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला असावा लागतो; अंतर बाणाच्या जाडीइतके किंवा थोडे जास्त. पंखे कापले की हवेचा बिंदू पुढे सरकतो. मोठी मोटर शेपटीत बसवली की तोलाचा बिंदू मागे येतो. दोन्हीकडून बाण बिघडतो. म्हणून संचात फेरफार केल्यावर पहिले काम हे, की बाण उडण्याच्या तयारीत असतानाच दोरीवर आडवा टांगून तोल पाहावा. उलट पंखे फार मोठे केले तर बाण वाऱ्याकडे तोंड फिरवतो आणि उंचीऐवजी लांबी गाठतो.

मुलांनी पंखे पुन्हा पहिल्या मापाचे केले, कडा घासल्या आणि नाकात थोडी चिकणमाती भरली. उंची मोजण्यासाठी ४० मीटरवर एक मुलगा कोनमापक घेऊन उभा होता. कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला खडा. सकाळी पहिल्या बाणाचा कोन ४० अंश आला होता, म्हणजे सुमारे साडेतेहतीस मीटर. आता आला ५० अंश, म्हणजे साडेसत्तेचाळीस. पाणी तेवढेच, हवाही तेवढीच. चार बाणवाल्या मुलाने कोन स्वतः पुन्हा वाचला, मग खिशातले बाण काढून माझ्या पिशवीत टाकले आणि विचारले, “सर, माती अजून थोडी घातली तर?”

आम्ही घातली. कोन ४६ अंशांवर उतरला.